तुझी बाजू, माझी बाजू

थॉमस रिव्हर कॅम्प, केप एरिड
१९ ऑगस्ट

प्रिय केरिन,

आशीर्वाद. मी बरा आहे. जेवण होतं, रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतो. ग्रँटचा गुडघा आता कसा आहे ते कळव. जिना चढायची घाई करू नकोस म्हणावं आमच्या जावयाला.

इथे फोनला रेंज नाही, त्यामुळे तुझे निरोप आले असतील तर ते मला मिळालेले नाहीत. पण रेंज असती तरी मी पत्रच लिहिलं असतं. फोनवर मी काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. तिकडे पाऊस आहे का विचारतो आणि मग म्हणतो, ‘थांब, आईला देतो.’ तू घर सोडलंस तेव्हापासून हे असंच चालत आलं. आता फोन कोणाच्या हातात द्यायचा हे कळत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

आधी एक सांगून टाकतो. कॅरव्हानचे ब्रेक दाखवायला एस्परन्सला चाललोय असं मी तुला म्हणालो होतो. ब्रेक मी निघायच्या आधी नॅरोजिनलाच करून घेतले होते. जानेवारीत आईने इथलं बुकिंग करून ठेवलं होतं, आम्हा दोघांच्या नावाने. ते मला रद्द करता आलं नाही. अंत्यविधीच्या दिवशी तू स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, ‘बाबा, विकून टाक ती कॅरव्हान. ते चाकांवरचं घर एकटा कुठे ओढत फिरणार?’ मी हो म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

कॅम्प चांगला आहे. समुद्रापासून जरा वर, झुडपांच्या आडोशाला जागा आहेत. वारा दक्षिणेचा, गार. खालच्या वाळूवर सकाळी कांगारू येतात आणि माणसांसारखे पाण्याकडे बघत उभे राहतात. देवमासे आले आहेत. आईने वेळ बरोबर साधली होती. दोन दिवस पाऊस झाला आणि बाहेर जायचा कच्चा रस्ता बंद केला. अशा ओल्या मातीत गाड्या रुततात आणि रस्त्याचीही वाट लागते, त्यामुळे वाळेपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. कॅम्पवर सहा-सात गाड्या होत्या, आम्ही सगळेच अडकलो होतो. पाणी आहे, गॅस आहे. काळजी करू नकोस.

हे सगळं हवापाण्याचंच झालं. आता दुसरं लिहितो.

आपल्या कॅरव्हानच्या मागे आईने काय लिहून घेतलंय ते तुला आठवत असेल. पेलिकनचं चित्र आणि खाली ‘डेस आणि ग्लेनिस, चॅनल १८’. तू हसली होतीस. मलाही ते आवडलं नव्हतं. रस्त्यावरच्या परक्या माणसांनी आपल्याला नावाने का हाका माराव्यात, असं मी म्हणालो होतो. आई म्हणाली, ‘मग काय नंबरप्लेटने माराव्यात?’ आणि खरंच, आम्ही कुठेही निघालो की मागून कोणीतरी त्या चॅनलवर, गाडीतल्या वायरलेसवर यायचंच. पुढे पेट्रोल पंप उघडा आहे का, तुमच्या छतावरची पट्टी सुटली आहे, असलं काहीतरी. माईक आईच्या बाजूला असायचा. ती बोलायची आणि मी गाडी चालवायचो. एवढ्या वर्षांत मी त्या वायरलेसवर किती वेळा बोललो असेन? फार नाही.

एस्परन्स सोडून डांबरी रस्ता संपायच्या सुमाराला मागून आवाज आला. ‘ए, पेलिकनवाले! डेस आणि ग्लेनिस! ऐकू येतंय का?’

मी आरशात पाहिलं. मागे एक मोठी पांढरी कॅरव्हान होती. मी गाडी चालवत राहिलो. तो पुन्हा म्हणाला, ‘डेस, ग्लेनिस, क्लाइव्ह बोलतोय, तुमच्या मागून. पुढचा रस्ता कसा आहे, कळलंय का काही? आमच्या मॅडमची चिनीमातीची भांडी आहेत आत, वाजली तर माझं डोकं वाजेल.’

मी माईक घेतला. तो आईच्या बाजूच्या आकड्यावर होता, हात लांब करावा लागला. म्हणालो, रस्ता खडबडीत आहे, टायरची हवा थोडी कमी करा.

‘उपकार झाले,’ तो म्हणाला. ‘पण या गाडीत बोलायचं खातं तुझ्याकडे आहे वाटतं? आमच्याकडे तर मला परवानगी मागावी लागते. ग्लेनिस कुठेय?’

मी म्हणालो, ‘झोपलीय.’

केरिन, मी ठरवून बोललो नाही. माणूस शिंकतो तसं ते बाहेर आलं.

‘नशीबवान आहेस लेका,’ तो म्हणाला. ‘माझी मेलबर्नपासून डोळा मिटायला तयार नाही. मी चुकायची वाट बघत बसलीय.’ मागून एका बाईचा आवाज आला, ‘वाट बघावी लागत नाही, क्लाइव्ह.’

मी माईक आकड्यावर लावला. मग कच्चा रस्ता लागला आणि मी गाडी अगदी हळू घेतली. खड्डा आला की आधीच वेग कमी करत होतो. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी बाजूच्या सीटवर झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशी गाडी चालवतोय.

कॅम्पवर पोचल्यावर पहिली अडचण आली ती गाडी मागे घेण्याची. वाटेत सगळीकडे मी सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशाच जागा घेत आलो होतो. इथे तशी जागाच नाही. तुला आमची पद्धत माहीत आहे. आई मागे उभी राहायची, हातात छोटा वायरलेस, डोक्यावर ती हिरवी टोपी. डावं-उजवं ती कधी बोलली नाही, कारण तिचं तोंड माझ्याकडे असलं की तिचं डावं ते माझं उजवं. ती म्हणायची, ‘तुझी बाजू, डेस. अजून तुझी बाजू. आता माझी बाजू.’ माझी बाजू म्हणजे गाडीतली तिच्या सीटची बाजू. ती कुठेही उभी असली तरी ती बाजू तिचीच.

मी एकदा मागे घेतली, चुकली. पुन्हा पुढे घेतली. कॅम्पवरचे लोक खुर्च्या फिरवून बघायला लागले. कोणाचं चुकलेलं रिव्हर्स बघण्यासारखी दुसरी करमणूक या कॅम्पवर नसते, मीही पूर्वी बघत आलोय. तेवढ्यात क्लाइव्हची बायको धावत आली. नोलीन तिचं नाव. माझ्याच वयाची, बुटकी, कमरेवर हात ठेवून बोलणारी.

‘तिला उठवू नका, मी सांगते तुम्हाला,’ ती म्हणाली. ‘डावीकडे घ्या. नाही हो, माझ्या नाही, तुमच्या डाव्या. थांबा! थांबा म्हणतेय ना!’

कॅरव्हान झुडपात गेली. क्लाइव्ह आपल्या गाडीच्या पायरीवरून ओरडला, ‘नोलीन, त्या बिचाऱ्याला समुद्रात घाल आता!’

‘तू तुझे खुंटे ठोक,’ ती म्हणाली. ‘अर्धे संसार या रिव्हर्सपायी मोडतात, आपला आज मोडेल.’

शेवटी बसली एकदाची जागेवर, जरा तिरकी. नोलीनने खिडकीकडे पाहिलं. आईच्या बाजूचा पडदा ओढलेला होता. ‘फारच थकलीय वाटतं,’ ती म्हणाली. मी म्हणालो, डोकं दुखतंय तिचं, अर्धशिशी आहे. आईला अर्धशिशी होती, हे तरी खरं होतं.

त्या संध्याकाळी सूप आलं. वाटाणे आणि हॅमचं, झाकणाच्या भांड्यात, दोन माणसांचं. दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला तेव्हा पुन्हा आलं. भांडं अर्धं भरलेलं परत द्यायचं तर ते बरं दिसत नव्हतं, म्हणून मी सगळं संपवलं. क्लाइव्ह म्हणाला, ‘डेस, तुझ्या बायकोचं डोकं दुखत असेल, पोट मात्र खणखणीत आहे!’ मी हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन.

आता लिहितो ते वाचून तुला वाईट वाटेल. तरी लिहितो, कारण मी कसा आहे असं तू दर आठवड्याला विचारतेस आणि मी दर आठवड्याला ‘ठीक’ म्हणतो.

ते दोन दिवस मी खरंच ठीक होतो. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. सकाळी मी दोन कप बाहेर काढले. दोन्हीत चहा ओतला. आत कोणी बघत नव्हतं, मी हे कोणाला दाखवायला केलं नाही. पाऊस थांबला की मी खडकांवरून टोकापर्यंत चालत जायचो. तिथून खाडीतले देवमासे दिसतात. एक मादी पिल्लाला घेऊन इतकी किनाऱ्याजवळ आली होती की तिच्या डोक्यावरचे पांढरे चट्टेही दिसले. पिल्लू तिच्या अंगावर चढत होतं, घसरत होतं. परत आल्यावर मी कॅरव्हानचं दार उघडलं, बूट काढले आणि सांगितलं. मोठ्याने. ‘ग्लेनिस, पिल्लू बरोबर आहे. अंगावर चढतंय तिच्या.’ दाराच्या चौकटीत बसून मी सगळं सांगितलं. वारा कसा आहे, खडक कुठे निसरडे आहेत, तिथे कोण भेटलं. हे घरी मला कधी जमलं नाही. घरी ती नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. शेजाऱ्यांना, दुकानात, चर्चमध्ये. या एका जागी कोणाला माहीत नव्हतं. इथे लोक तिच्याबद्दल विचारत होते आणि विचारताना आवाज खाली करत नव्हते.

नोलीनने मला बोलताना ऐकलं होतं. पण उत्तर कधी ऐकलं नव्हतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही.

परवा दुपारी ती आली तेव्हा तिच्या हातात भांडं नव्हतं. क्लाइव्ह मागे थोड्या अंतरावर उभा होता, आणि तो काही विनोद करत नव्हता.

‘डेस,’ ती म्हणाली, ‘मी सगळा जन्म नर्स म्हणून काढला. ती बाई इतके दिवस बाहेर आलेली नाही. संडासलासुद्धा नाही. मला पाच मिनिटं आत जाऊन तिला बघू द्या.’

मी म्हणालो, नको. ती झोपलीय.

‘मग झोपलेली बघते.’

‘नको म्हणालो ना.’

मी दारात उभा होतो, दोन्ही हात चौकटीला. तसा मी का उभा राहिलो मला माहीत नाही. नोलीन एक पाऊल मागे सरली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. केरिन, ती घाबरली होती. स्वतःसाठी नाही. आईसाठी. आत एक आजारी बाई आहे आणि हा माणूस कोणाला तिच्यापर्यंत जाऊ देत नाही, असं तिला वाटलं. हळू आवाजात ती म्हणाली, ‘मी रेंजरकडे जाते. रस्ता बंद असला तरी हेलिकॉप्टर येऊ शकतं.’ आणि मग ती मला ओलांडून, खिडकीकडे तोंड करून, मोठ्याने म्हणाली, ‘ग्लेनिस, घाबरू नकोस हं. आम्ही इथेच आहोत.’

ते ऐकून मला तिथे उभं राहवेना.

मी पायरी उतरलो, गाडीत जाऊन बसलो आणि दार लावून घेतलं. तोंडावर सांगणं मला शक्य नव्हतं. मी माईक घेतला. रस्ता उघडल्याची बातमी कळावी म्हणून कॅम्पवर सगळ्यांचे वायरलेस दिवसभर चालू होते, चॅनल अठरावर, हे मला माहीत होतं. पण तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचलं असलं तरी पर्वा वाटली नाही.

मी बटण दाबलं आणि म्हणालो, ‘डेस बोलतोय. ग्लेनिस कॅरव्हानमध्ये नाही. ती फेब्रुवारीत वारली. घरी, बागेत, नळ चालू होता. मी शेडमध्ये होतो. तिला नॅरोजिनला पुरलंय, तिच्या आईशेजारी. मी तुम्हाला खोटं सांगितलं. सूप मी खाल्लं.’

एवढंच. पण मी बटण सोडलं नाही. तुला माहीत आहे ना, आपण बटण दाबून धरलं की दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. मी सोडलं असतं तर कोणीतरी काहीतरी म्हणालं असतं. म्हणून मी दाबून बसलो. काचेतून नोलीन दिसत होती, ती होती तिथेच उभी होती, आणि पलीकडच्या तंबूतले दोघं जण हातातलं काम थांबवून. कोणाचा अंगठा असा बटणावर राहिला की आई किती चिडायची! ‘बोट उचल रे बाबा, दुसऱ्यालाही तोंड आहे.’ ते आठवलं, आणि मी बोट उचललं.

नुसती खरखर.

मग क्लाइव्ह म्हणाला, ‘ऐकलं, डेस.’ आणि मग, ‘चहा टाकतोय.’

नोलीन आली ती काचेवर टकटक करत. मी काच खाली केली. तिचे डोळे लाल होते आणि ती रागावलेलीही होती. ‘म्हणजे मी एवढे दिवस एका मेलेल्या बाईला सूप करून घालत होते?’

मी हो म्हणालो.

‘निदान तिला आवडलं तरी असतं का?’

मी म्हणालो, ‘नसतं. तिला वाटाणे चालत नव्हते.’

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने खिडकीतून हात घालून माझा खांदा धरला. तो तिने बराच वेळ सोडला नाही. मग दाराला वळसा घालून ती आली आणि आईच्या सीटवर बसली. मला वाटलं होतं मला ते सहन होणार नाही. झालं. ‘कशी होती ती?’ नोलीनने विचारलं. फोन कोणाच्या हातात द्यायला नव्हता, म्हणून मीच बोललो. क्लाइव्हने चहा गाडीत आणून दिला आणि तो मागच्या सीटवर बसला. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघे त्या उभ्या गाडीत समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. मी तुझ्याबद्दलही सांगितलं.

काल सकाळी जाग आली तेव्हा कप काढताना माझा हात दोनवर गेला. मी एकच काढला. ते सोपं नव्हतं. आता या जागीही सगळ्यांना माहीत आहे. येता-जाता लोक मान हलवतात, आवाज खाली करतात. ती आता इथेही नाही. मी टोकापर्यंत गेलो होतो, मादी आणि पिल्लू अजून आहेत. परत येऊन सांगायला दाराशी थांबलो आणि मग न सांगताच आत आलो. म्हणून देवमाशांचं ते वर तुला लिहिलं.

दुपारी क्लाइव्ह पातं आणि नोलीनचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला. म्हणाला, ‘मागची अक्षरं गरम केली की सोलून निघतात. नाहीतर प्रत्येक जण विचारत राहील तुला. पेलिकन ठेवू, हवं तर.’ चांगल्या मनाने म्हणाला. मी त्या अक्षरांवर हात फिरवून पाहिला. ‘ग्लेनिस’मधलं एक अक्षर उन्हाने कोपऱ्यात सुटलं आहे. मी म्हणालो, राहू दे. ते सुटलेलं टोक फक्त त्याच्याकडून चिकटवून घेतलं.

आज सकाळी रस्ता उघडला. पहिलीच गाडी आत आली आणि कॅम्पच्या वळणावरून एक बाई वायरलेसवर म्हणाली, ‘पेलिकनवाले, तुमच्या शेजारची जागा रिकामी आहे का? ग्लेनिस, आहेस का गं चॅनलवर?’ मी गाडीपाशीच होतो. माईक घेतला. म्हणालो, ‘डेस बोलतोय. मी एकटाच आहे. जागा रिकामी आहे, या.’ माझ्या आवाजात काही वेगळं असेल तर तिला ते जाणवलं नाही. तिने आभार मानले आणि पाण्याच्या टाकीचं विचारलं.

उद्या निघतो. हे पत्र एस्परन्सला टाकीन. तिथून घरी वळायचं सोडून नॉर्समनला जाईन आणि नलारबॉरचा रस्ता धरून तुझ्याकडे पोर्ट लिंकनला येईन. हळू येईन, पत्र माझ्या आधी पोचेल. कॅरव्हान विकायची की नाही ते तिथे आल्यावर बोलू. मी बोलेन.

एक काम आहे. तुझा ड्राइव्हवे उताराचा आहे आणि फाटकाशी तो विटांचा पत्रपेटीचा खांब. मागच्या वेळी आई तिथे उभी होती म्हणून तो वाचला. मला एकट्याला ते जमणार नाही. तेव्हा मी आलो की तू मागे उभी राहा. छोटा वायरलेस मी फाटकाशीच तुझ्या हातात देईन. आईची हिरवी टोपी गाडीत आहे, घालावीशी वाटली तर घाल. डावं-उजवं बोलू नकोस, माझा गोंधळ होतो. माझी बाजू असेल तेव्हा ‘तुझी बाजू’ म्हण. दुसरीकडे घ्यायची असेल तेव्हा ‘आईची बाजू’ म्हण, मला कळेल. ओरडलीस तरी चालेल, तीही ओरडायची.

वाढदिवसाच्या कार्डावर, नाताळच्या कार्डावर ‘आई आणि बाबा’ असं तीच लिहायची, माझ्या वाटचंही तिच्याच अक्षरात. माझी सही तुझ्याकडे एकही नसेल. ही ठेव.

बाबा